चार खऱ्या सह्या आणि एक कोरा चेक : वझीरएक्स प्रकरणात सायबर नियम कुठे होते?

१७ जुलै २०२४ला आषाढी एकादशी होती, मोहरमची सुट्टीही त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, लोक कामाला लागले आणि मुंबईतून चालणाऱ्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून, म्हणजे डिजिटल तिजोरीतून, सुमारे साडेतेवीस कोटी डॉलरची क्रिप्टो निघून गेली. तेव्हाच्या भावाने जवळपास दोन हजार कोटी रुपये. ग्राहकांच्या एक्स्चेंजवर असलेल्या एकूण क्रिप्टोपैकी हा साधारण ४५ टक्के हिस्सा. त्याच दिवशी पैसे आणि क्रिप्टो काढणं बंद झालं.

या प्रकरणावर बरंच लिहून झालंय, पण बहुतेक ठिकाणी चर्चा दोनच गोष्टींची : चोर कोण आणि पैसे कधी मिळणार. मला त्यातला तिसरा धागा जास्त खुणावतो. ही कंपनी बेकायदा नव्हती. सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे, म्हणजे एफआययूकडे, तिची नोंदणी होती. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे नियम तिला लागू होते. केवायसी होती, टीडीएस कापला जात होता. एवढं सगळं असताना चोरी झाल्यावर ग्राहकाच्या हातात काय उरलं? आणि जे उरलं ते कोणत्या नियमामुळे?

सह्या कशा झाल्या

बँकेत स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, एक मॅनेजरकडे आणि एक कॅशियरकडे. दोघं समोर असल्याशिवाय दार उघडत नाही. याला जॉइंट कस्टडी म्हणतात. मल्टिसिग वॉलेट हे त्याचंच डिजिटल रूप. वझीरएक्सच्या या वॉलेटला सहा सह्या करणारे होते. पाच कंपनीचे, एक लिमिनल या कस्टडी, म्हणजे दुसऱ्यांची क्रिप्टो सांभाळायची, सेवा देणाऱ्या कंपनीचा. व्यवहार पुढे जायला कंपनीच्या तिघांच्या सह्या लागत आणि त्यावर शेवटची लिमिनलची. कंपनीचे लोक सह्या हार्डवेअर वॉलेटवरून करत. शिवाय पैसे कोणत्या पत्त्यांवर जाऊ शकतात याची व्हाइटलिस्ट होती. कागदावर यापेक्षा चांगली व्यवस्था सांगायला मलाही कठीण गेलं असतं.

आता सही करणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. समोर लॅपटॉपवर कस्टडी कंपनीचा डॅशबोर्ड. त्यावर रोजच्यासारखा व्यवहार दिसतोय : अमुक टोकन, म्हणजे क्रिप्टो नाणं, अमुक संख्या, ओळखीचा पत्ता. हातात पेन ड्राइव्हएवढं हार्डवेअर वॉलेट, त्यावर बोटाच्या पेराएवढा स्क्रीन. त्या स्क्रीनवर मात्र टोकनचं नाव नाही, रक्कम नाही. आहे ती अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक माळ, जी माणसाला वाचता येत नाही. माणूस काय करतो? मोठ्या स्क्रीनवरचं वाचतो आणि छोट्या स्क्रीनवर बटण दाबतो. या धंद्यात याला ब्लाइंड सायनिंग म्हणतात. आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहेच : कोऱ्या चेकवर सही.

वझीरएक्सच्या म्हणण्यानुसार डॅशबोर्डवर दिसत होतं ते आणि प्रत्यक्ष सह्या झाल्या ते वेगळं होतं. सह्या झाल्या त्या टोकन पाठवण्यावर नव्हे. वॉलेटच्या मागे जो प्रोग्रॅम चालतो, जो 'किती सह्या लागतील' हे ठरवतो, तोच बदलून हल्लेखोराचा प्रोग्रॅम बसवायला परवानगी देणाऱ्या त्या सह्या होत्या. तो एकदा बदलला की पुढे ना सह्या लागतात, ना व्हाइटलिस्ट आडवी येते. म्हणजे चोराने तिजोरी फोडली नाही. चार खऱ्या सह्या घेऊन कुलूपच बदललं आणि मग निवांत आत गेला.

यानंतर जे झालं ते ऑडिटच्या कामात केस पिकलेल्यालाही गोंधळात टाकणारं आहे. वझीरएक्सने गूगलच्या मँडियंटकडून सह्यांसाठी वापरलेले तीन लॅपटॉप तपासून घेतले. त्यात घुसखोरीचा पुरावा सापडला नाही. लिमिनलने ग्रँट थॉर्नटनकडून आपली यंत्रणा तपासून घेतली. तिथेही घुसखोरीचा पुरावा नाही. दोन्ही रिपोर्ट स्वच्छ, आणि दोन हजार कोटी गायब. दोघांच्या मधल्या जागेत कुठेतरी काहीतरी घडलं होतं, आणि ती मधली जागा तपासायची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

तुलनेसाठी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजवर याच जातीचा हल्ला झाला. दिसत होतं एक, सही झाली भलत्यावर, आणि सुमारे दीड अब्ज डॉलर गेले. तिथे आठवड्याच्या आत कारण बाहेर आलं : वॉलेटची सेवा देणाऱ्या कंपनीच्या वेबपानात घुसवलेला कोड. सेवा देणारी कंपनी आणि एक्स्चेंज या दोन्ही बाजूंचा तपास एकमेकांशी जुळवला गेला म्हणून हे कळलं.

तेव्हा नियम होते कोणते

क्रमाने बघू. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टो कंपन्यांशी व्यवहार करायला मनाई केली. वझीरएक्स सुरू झाली त्याच सुमारास, २०१८च्या मार्चमध्ये. ४ मार्च २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. बंदी गेली, पण तिच्या जागी नियम आला नाही. आला तो कर. २०२२च्या अर्थसंकल्पात नफ्यावर ३० टक्के, आणि १ जुलै २०२२ पासून प्रत्येक व्यवहारावर १ टक्का टीडीएस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करायची सोय नाही.

सायबर बाजूचा पहिला ठोस नियम म्हणजे सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२चे निर्देश. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. लॉग १८० दिवस ठेवा. सगळ्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवा. आणि क्रिप्टो एक्स्चेंज, वॉलेट सांभाळणाऱ्या कंपन्या यांनी केवायसी आणि व्यवहारांच्या नोंदी पाच वर्षं जपा. त्या उन्हाळ्यात बातम्या झाल्या त्या याच निर्देशांमुळे व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून नेल्याच्या. क्रिप्टोचा परिच्छेद फारसा कोणी वाचला नाही.

घड्याळ जुळवण्याचा नियम क्षुल्लक वाटतो, पण तो नाही. इथेरियम या ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टो व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीत, दर बारा सेकंदांनी नवा ब्लॉक, म्हणजे नोंदींचं नवं पान, बनतो आणि प्रत्येकावर वेळ असते. तीन लॅपटॉप, कस्टडीचा सर्व्हर आणि ब्लॉकचेन यांच्या नोंदी एकाखाली एक लावायच्या असतील, तर वीस सेकंदांचा फरकसुद्धा 'आधी कोण' हा प्रश्न अनिर्णित ठेवतो.

मग ७ मार्च २०२३ची अधिसूचना. मनी लाँडरिंगविरोधी कायदा, पीएमएलए, क्रिप्टो सेवांना लागू झाला. क्रिप्टो सांभाळून ठेवणं हेसुद्धा त्यात आलं. नोंदणी सक्तीची झाली, आणि हा कायदा चावतोही. डिसेंबर २०२३ मध्ये नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या. जून २०२४ मध्ये, म्हणजे चोरीच्या जेमतेम महिनाभर आधी, त्यांतल्याच बायनान्सला १८.८२ कोटींचा दंड झाला.

पण हे सगळे नियम दोनच प्रश्न विचारतात. पैसा कोणाचा आहे? आणि काही घडलं तर किती वेळात सांगाल? किल्ल्या कशा ठेवता, हा प्रश्न जुलै २०२४ मध्ये कोणी विचारत नव्हतं. चोरी झाली तर तोटा कोणी सोसायचा, हा तर नाहीच नाही. वझीरएक्सने सर्ट-इनला आणि एफआययूला कळवलं, पोलिसांत तक्रार दिली. नियमाने जे मागितलं ते झालं. ग्राहकाला त्यातून एक पैसाही मिळणार नव्हता, कारण नियमाने ते मागितलंच नव्हतं. 'एफआययू नोंदणीकृत' हे जाहिरातीत झळकवलं जातं आणि लोक ते बँकेच्या परवान्यासारखं वाचतात. ती नोंदणी संशयास्पद व्यवहार कळवण्यासाठी आहे, ठेवी सुरक्षित असल्याचं ते प्रशस्तिपत्र नाही.

पुण्यातली चोरी आठवते?

ऑगस्ट २०१८. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये शनिवार ते सोमवारच्या दरम्यान गेले. एटीएमच्या स्विचची, म्हणजे पैसे द्यायची परवानगी देणाऱ्या यंत्रणेची, नक्कल उभी करून २८ देशांतल्या एटीएममधून रोख काढली, आणि वर १३.९२ कोटी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने हाँगकाँगला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये ही चोरी उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडली. वझीरएक्सची चोरी अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने १४ जानेवारी २०२५च्या संयुक्त निवेदनात उत्तर कोरियाच्याच नावावर टाकली. म्हणजे मूळ एकच असावं, पण ग्राहकांचा अनुभव जमीन-अस्मानाचा.

कॉसमॉसच्या खातेदाराचं पासबुक तसंच राहिलं. तोटा बँकेचा. याला बँकेचं औदार्य कारणीभूत नव्हतं. ठेव म्हणजे बँकेचं देणं, हे कायद्याने ठरलेलं आहे. तिसऱ्याच कोणीतरी यंत्रणा फोडली आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य, हे रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांसाठी २०१७च्या डिसेंबरमध्येच लिहून ठेवलं होतं. चोरीनंतर साधारण दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ला, नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचा पाया घालणारी चौकट आली. पुढच्या वर्षी ३१ डिसेंबरला तिची चार पायऱ्यांची सविस्तर आवृत्ती आली. सहकारी बँकेचे लोक या परिपत्रकांना कंटाळलेले असतात, मला माहीत आहे. गावातल्या दोन शाखांच्या बँकेला सायबर धोरण लिहायला बसवलं की संचालक मंडळाच्या बैठकीत जे चेहरे होतात ते मी पाहिलेत. पण त्या कंटाळवाण्या कागदांतच 'बिल कोणाच्या नावे' हे लिहिलेलं असतं.

वझीरएक्समध्ये ती ओळ कोरी होती, म्हणून ती कंपनीने भरली. चोरीनंतर नऊ दिवसांनी, २७ जुलैला, योजना जाहीर झाली : प्रत्येकाला ५५ टक्के मोकळे, ४५ टक्के अडकलेले. ज्याची नाणी चोरलेल्या वॉलेटमध्ये नव्हतीच, त्यालाही हेच. तोटा सगळ्यांनी मिळून सोसायचा. शेजाऱ्याच्या घरी चोरी झाली म्हणून सोसायटीने सगळ्यांच्या कपाटातून वर्गणी काढावी तसं. ओरड झाली तेव्हा ही फक्त मतचाचणी होती असं सांगून योजना मागे घेतली गेली.

रुपयांचं वेगळंच. ऑगस्टच्या अखेरीपासून रुपयातल्या शिलकीपैकी ६६ टक्के काढायची मुभा मिळाली. रुपये झन्माई लॅब्ज या भारतीय कंपनीकडे, क्रिप्टो झेटाय या सिंगापूरच्या कंपनीकडे. ॲपवर एकाच पानावर दिसणाऱ्या दोन आकड्यांचे मालक दोन देशांत. किती ग्राहकांनी हे खातं उघडताना वाचलं असेल?

कोर्ट सिंगापूरचं, ग्राहक भारतातले

झेटाय ऑगस्ट २०२४ मध्ये सिंगापूरच्या उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबरमध्ये चार महिन्यांचं संरक्षण मिळालं. त्या काळात कोणी दावे लावून मालमत्ता ओढून न्यायची नाही. चाळीस लाखांहून जास्त ग्राहक, बहुतेक भारतातले, आता 'धनको' झाले. २०२५च्या वसंतात मतदान झालं आणि मत देणाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांहून जास्त लोकांनी पुनर्रचना योजनेला होकार दिला. होकार म्हणजे समाधान नव्हे. दुसरा पर्याय दिवाळखोरीचा होता, आणि अडकलेला माणूस मिळेल ते घेतो. एप्रिलमध्ये काही ग्राहक आपल्या सर्वोच्च न्यायालयातही गेले होते. क्रिप्टोचं नियमन हा धोरणाचा विषय आहे, असं म्हणून याचिका फेटाळली गेली.

जूनमध्ये मात्र सिंगापूरच्या कोर्टाने मंजुरी नाकारली, आणि प्रकरणातली सगळ्यात विचित्र गाठ इथे आहे. सिंगापूरने ठरवलं होतं की तिथे बसून फक्त परदेशी ग्राहकांना क्रिप्टो सेवा देणाऱ्यांनाही ३० जून २०२५ पासून परवाना लागेल, नाहीतर काम बंद. ग्राहकांना नाणी वाटायची म्हणजे क्रिप्टो सेवाच द्यायची. परवान्याशिवाय ती सिंगापूरमधून कशी देणार? योजना बदलावी लागली. वाटपाचं काम झन्माईकडे आलं, कारण तिची भारतात एफआययूकडे नोंदणी होती. जी नोंदणी चोरीच्या दिवशी ग्राहकाच्या कामाची नव्हती, तीच वर्षभराने वाटपाचा रस्ता बनली. पुन्हा मतदान, पुन्हा ९५ टक्क्यांहून जास्त होकार, ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टाची मंजुरी.

क्रिप्टो धंद्यातले लोक देश निवडताना कर आणि परवान्याची फी बघतात. या प्रकरणाने दाखवलं की अडचणीच्या वेळी कोणत्या देशाचा कोणता कायदा आडवा येईल किंवा उपयोगी पडेल, हा हिशेब त्याहून मोठा आहे.

जपानने काय केलं होतं

हा कोरा रकाना भरता येतो, हे जपानने आधीच दाखवलं होतं. २६ जानेवारी २०१८ला टोकियोच्या कॉइनचेकमधून नेम नावाची ५२ कोटींहून जास्त क्रिप्टो नाणी, सुमारे ५८ अब्ज येनची, गेली. ती सतत इंटरनेटला जोडलेल्या वॉलेटमध्ये पडून होती. तीन दिवसांत तिथल्या वित्तीय सेवा संस्थेने सुधारणेचा आदेश काढला, आठवड्याच्या आत तपासनीस कार्यालयात. कंपनीने ग्राहकांना स्वतःच्या पैशाने, येनमध्ये, भरपाई दिली. नंतर कायदा बदलला आणि मे २०२० पासून ग्राहकांची निदान ९५ टक्के क्रिप्टो इंटरनेटपासून तोडलेल्या वॉलेटमध्ये ठेवणं सक्तीचं झालं. उरलेल्या ५ टक्क्यांएवढी स्वतःची क्रिप्टो कंपनीने बाजूला ठेवायची.

याने चोऱ्या थांबल्या का? नाही. मे २०२४ मध्ये डीएमएम बिटकॉइनमधून साडेचार हजार बिटकॉइन गेले, तेव्हाच्या भावाने ४८ अब्ज येनहून जास्त. एका पुरवठादार कंपनीच्या कर्मचाऱ्याला नोकरी देणारा असल्याचं भासवून गळाला लावलं होतं. पण डीएमएमच्या समूहाने पैसे उभे करून ग्राहकांची सगळी नाणी भरून दिली. मग धंदा बंद केला आणि खाती दुसऱ्या कंपनीकडे सोपवली. कंपनी बुडाली, ग्राहक नाही. वझीरएक्समध्ये नेमकं उलटं झालं, आणि दोन्ही घटनांत दोन महिन्यांचंही अंतर नाही.

आपल्याकडे पुढे काय झालं

वझीरएक्सच्या चोरीला बरोबर एक वर्ष आणि एक दिवस झाला तेव्हा, १९ जुलै २०२५ला, कॉइनडीसीएक्सच्या एका खात्यातून सुमारे ४.४ कोटी डॉलर, पावणेचारशे कोटी रुपयांच्या आसपास, गेले. ते खातं कंपनीच्या स्वतःच्या कामकाजाचं होतं, ग्राहकांचं नव्हतं. कंपनीने तोटा आपल्या तिजोरीतून सोसला. वेगळं खातं ठेवल्याचा एवढा फरक पडतो, आणि हे वेगळं खातं कोणत्याही भारतीय नियमाने मागितलेलं नव्हतं.

या दुसऱ्या चोरीनंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये, सरकारने कमी पडलेल्या बाजूला हात घातला. एफआययूकडे नोंदणी हवी असेल तर सर्ट-इनच्या पॅनेलवरच्या ऑडिटरकडून सायबर ऑडिट सक्तीचं झालं. एक्स्चेंजला, कस्टडी कंपनीला, मधल्या दलालांनाही. लहान कंपनीला हा खर्च जड आहे. नुसतं ऑडिट करून भागत नाही, त्यात निघालेलं दुरुस्त करायला माणसं लागतात, आणि १ टक्का टीडीएसनंतर उलाढाल परदेशी एक्स्चेंजकडे गेल्याची ओरड आधीपासून आहेच.

तरी माझी खरी शंका खर्चाची नाही, चेकलिस्टची आहे. जुलै २०२४ मध्ये मला वझीरएक्सचं ऑडिट दिलं असतं तर मी काय लिहिलं असतं? मल्टिसिग आहे का : हो. सह्या हार्डवेअर वॉलेटवर : हो. व्हाइटलिस्ट : हो. बाहेरची कस्टडी : हो. चारही खाने हिरवे. 'सही करणारा ज्यावर सही करतोय ते त्याला दुसऱ्या, स्वतंत्र स्क्रीनवर वाचता येतं का?' हा प्रश्न माझ्या तेव्हाच्या यादीत नव्हता. 'वॉलेटचा मूळ प्रोग्रॅम बदलायची परवानगी रोजच्या व्यवहाराच्याच सह्यांनी मिळते का?' हाही नव्हता. स्ट्राँगरूममध्येही आम्ही रजिस्टर तपासायचो. मॅनेजर रजेवर असताना त्याची किल्ली कॅशियरच्याच ड्रॉवरमध्ये असते, हे चहा पिताना कळायचं. आता माझ्या यादीत हे दोन प्रश्न सगळ्यात वर आहेत. आणि त्यांची उत्तरं मी फॉर्मवर घेत नाही. एक लहान रकमेचा व्यवहार समोर करायला लावतो आणि सही करणाऱ्याच्या मागे उभा राहून त्या छोट्या स्क्रीनकडे बघतो.

वझीरएक्सवरची खरेदी-विक्री २४ ऑक्टोबर २०२५ला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, पुन्हा सुरू झाली. त्याच सुमारास मद्रास उच्च न्यायालयाने एका ग्राहकाच्या अर्जावर निकाल दिला. जानेवारी २०२४ मध्ये १,९८,५१६ रुपये टाकून ३,५३२.३० एक्सआरपी ही क्रिप्टो नाणी घेतलेली ही व्यक्ती. कोर्ट म्हणालं, क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती बाळगता येते आणि दुसऱ्याच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळताही येते. चोरीला गेली ती इथेरियमवरची टोकन्स होती, एक्सआरपी नव्हे. चेन्नईतल्या बँक खात्यातून पैसे गेले, म्हणून इथल्या कोर्टाला अधिकार आहे. लवादाचा निकाल लागेपर्यंत ९.५६ लाख रुपयांची बँक गॅरंटी द्या, नाहीतर तेवढी रक्कम एस्क्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात, ठेवा, असं कोर्टाने झन्माईला सांगितलं. हा आदेश एका अर्जदारापुरता आहे. बाकीच्यांची नाणी सिंगापूरच्या योजनेप्रमाणे वाटली जाऊ लागली.